व्हिक्टोरियन काळातले खरे डिटेक्टिव्ह: कुठून सुरुवात करू?

रेवा_ठाणे: शेरलॉक होम्स सगळा वाचून झालाय. आता त्या काळातले खरेखुरे डिटेक्टिव्ह कसे असायचे ते वाचायचंय, सरकारी, खाजगी, जे असतील ते. बजेट ५०० रुपये, एकच पुस्तक घेणार. प्लीज होम्स सुचवू नका.

कट्टेकरी: होम्सच परत वाचा. माझ्याकडे चामडी बांधणीचा अख्खा सेट आहे, चार हजार गेले पण कपाटात काय देखणा दिसतो! १८८७ ला पहिली कादंबरी आली, त्याच्यापुढे सगळे फिके.

निशिगंध: अहो, त्यांनी नको म्हटलंय ना. केट समरस्केलचं विचर नावाच्या खऱ्या डिटेक्टिव्हवरचं पुस्तक डोळे झाकून घ्या. १८४२ ला स्कॉटलंड यार्डची, म्हणजे लंडन पोलिसांची, डिटेक्टिव्ह शाखा निघाली तेव्हा सगळी मिळून आठ माणसं, त्यातला हा. १८६० ला रोड हिल हाउसमध्ये तीन वर्षांच्या पोराचा खून झाला. याने धुण्याची यादी तपासली तर सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा एक नाइटगाऊन गायब, म्हणून तिलाच अटक केली. झालं, याच्यासारख्या माळ्याच्या पोराने खानदानी मुलीवर आळ घेतला म्हणून पेपरवाल्यांनी त्याला सोलून काढलं. १८६५ ला तिने स्वतःच कबुली दिली, तोवर हा रिटायर होऊन बसलेला. फार जीव तुटतो वाचताना.

पानगळ: +१ विचर. फक्त जुनी प्रत घेऊ नका, माझ्या प्रतीत मधली पानंच नव्हती आणि विकणारा फोन उचलत नाही.

भाऊ_सातारा: यार्डवाले काही धुतल्या तांदळाचे नव्हते. रेसच्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्या टोळीकडून पैसे खाल्ले म्हणून १८७७ ला तिघं अधिकारी आत गेले, मग पुढच्या वर्षी सीआयडी काढावी लागली.

निशिगंध: त्यात विचरचा काय संबंध??

मेघना_के: खाजगीवाल्यांबद्दल कोणीच सांगेना. १८५७ ला घटस्फोटाचा कायदा आला, नवऱ्याला बायकोचं लफडं सिद्ध केलं की पुरे, बायकोला मात्र नुसतं लफडं पुरायचं नाही, छळ किंवा सोडून जाणं असलं काहीतरी वर दाखवायला लागायचं. मग पुरावा आणणार कोण? चौकशी करणाऱ्यांची चांदी झाली. यार्डातून रिटायर झालेला इन्स्पेक्टर फील्डसुद्धा याच धंद्यात होता. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' कादंबरीतला डिटेक्टिव्ह बकेट त्याच्यावरच बेतलाय म्हणतात, ती गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे, पैसे का घालवता?

कट्टेकरी: तो ठोकळा कोण वाचणार! होम्स.

भाऊ_सातारा: आणि १८६४ ला बाई डिटेक्टिव्हची दोन पुस्तकं आली त्यांच्या नादी लागू नका. तेव्हा यार्डात बाई डिटेक्टिव्ह नव्हतीच, सगळं कल्पित.

रेवा_ठाणे: सगळ्यांचे आभार. विचर लायब्ररीत बघते. भाऊ, मी त्या दोनातलं 'द फीमेल डिटेक्टिव्ह'च मागवलं. नसेना का खरी. पुरुष जिथे शिरू शकत नाही त्या घरात बाई सहज वावरते हे तिचं म्हणणं मला पटतंय, आणि रोड हिलच्या धुण्याच्या यादीचं वाचल्यावर तर जास्तच.

पानगळ: नवी प्रत ना? पानं मोजून घ्या आल्यावर.