मदत हवी आहे: मुले आणि वडीलधाऱ्यांसह समुद्रकाठी चार दिवस

नमस्कार. पुढील महिन्यात आम्ही दोघे, चार आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई असे पाच जण समुद्रकाठच्या एका लहान गावी चार दिवस मुक्कामाला जाणार आहोत. मागील सहलीत भरती-ओहोटीची वेळ न पाहता आम्ही किनाऱ्यावर बसलो आणि धाकट्याच्या वाळूच्या किल्ल्यापाठोपाठ सासूबाईंची एक चप्पलही पाण्याने नेली (दुसरी त्यांनी अजून टाकलेली नाही). भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, हे आता ठाऊक आहे. परंतु त्यानुसार दिवसाची आखणी कशी करावी, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू सासूबाईंना चालण्यास सोयीची पडते, म्हणून ती वेळ त्यांच्या फेरफटक्यासाठी राखावी असे वाटते.

थोरलीला कयाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) चालवायची आहे. तिला पोहता येते, पण तलावात. समुद्रात किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह लागला, तर त्याच्याविरुद्ध न झगडता किनाऱ्याला समांतर पोहावे, हे नऊ वर्षांच्या मुलीला ऐनवेळी सुचेल का, याची शंका वाटते. त्यामुळे तिच्यासाठी खाडीचे शांत पाणी बरे, की जीवरक्षक असलेला खुला किनारा? आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे, हे नेमके कसे तपासावे?