मदत हवी आहे: पग जातीच्या कुत्र्याला घेऊन पुणे ते अकोट, भर मे महिन्यात

मनवा१२: शनिवारी निघतोय. गेल्या वेळी नगर ओलांडल्यावर बुट्टू नुसता धापा टाकत होता, पाण्याला तोंड लावलं नाही, मग उलटी. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गावी महिनाभर राहायचंय, त्यामुळे जाणं टळणार नाही. पाणी कसं पाजू एवढंच सांगा. लवकर.

रानवाट: वय किती? एसी चालू आहे का? निघता किती वाजता?

मोहोळकर: समृद्धीने जा. संभाजीनगरला चढा, मेहकरला उतरा, पुढे खामगाव-शेगाव.

काळी_माती: कुत्रं सोबत असताना समृद्धी नको. मनात येईल तिथे थांबता येत नाही. जालना-चिखली-खामगाव घ्या, लिंबाखाली गाडी लावता येते.

मोहोळकर: आणि उन्हातला वेळ वाढतो त्याचं काय? मी दोन्ही रस्त्यांनी गेलोय.

विनू: रेल्वेने न्या. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे मिळाला तर कुत्रा सोबत ठेवता येतो.

मनवा१२: गाडीनेच जायचंय. पाण्याचं सांगा ना कुणीतरी! नऊ वर्षांचा आहे. एसी बंद पडलाय, काचा उघड्या ठेवतो. सकाळी आठला निघतो.

रानवाट: अहो, हे आधी सांगायचं! नऊ वर्षांचा पग आणि एसी नाही, मग पाण्याने भागणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. पगचं नाक चपटं, त्यामुळे तेही धड जमत नाही. खिडकीतून गरम झळ येते, तिचा उपयोग नाही. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. आधी एसी दुरुस्त करा, डॉक्टरांना दाखवून घ्या. रात्री दोनला निघा, संध्याकाळीच थोडं खायला घाला. हिरड्या लालभडक झाल्या किंवा तोल जायला लागला तर पोट आणि पाय साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. जेवायला उतरताना त्याला गाडीत ठेवू नका, काच उघडी असली तरी. आमची पगी अशाच दुपारच्या प्रवासात गेली, म्हणून कळकळीने लिहितेय.

काळी_माती: ताई बरोबर सांगतात. आता गावचं ऐका. मे महिन्यात बांधावरचं गवत वाळलेलं असतं, कुसळ पंजात नाहीतर कानात शिरतं. फिरवून आणलं की बोटांच्या बेचक्या बघा. गोठ्यात गोचीड असतातच. पेरणीसाठी आणलेलं औषध लावलेलं कपाशीचं बियाणं आणि उंदराच्या गोळ्या उंचावर ठेवायला सांगा. शेजारच्या कुत्र्याने बियाणं खाल्लं होतं, रात्र काढली नाही त्याने.

विनू: कांद्याच्या ढिगापासूनही लांब ठेवा, कुत्र्यांना कांदा बाधतो.

मोहोळकर: रात्री दोनला निघणार तर सावलीचा प्रश्नच मिटला. समृद्धीच.

काळी_माती: अर्ध्या वाटेत उजाडतं, मोहोळकर.

मनवा१२: ताई, वाचून हात गार पडले. एसीवाल्याला फोन केला, उद्या सकाळी गाडी घ्यायला येतोय. शनिवारपर्यंत झाला नाही तर मी एसटीने पुढे जाते, बुट्टू आणि हे मागून येतील. अकोटात कुत्र्यांना तपासणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का?