चढावर मिसिंग मारते, आयडलला ठीक: पार्ट न बदलता दोष कसा पकडायचा?

चौथा_गिअर
पेट्रोल गाडी, ४ सिलिंडर, प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉईल (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज देणारी). आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, काहीच जाणवत नाही. चौथ्या गिअरमध्ये १८००-२००० आरपीएमवर चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला की दोन-तीन झटके, मग पुन्हा सुरळीत. रोज होत नाही, दमट हवेत जास्त. चेक इंजिन लाईट लागते आणि काही दिवसांनी आपोआप जाते. स्कॅनरवर एकदा पी०३०० आला (मिसफायर, पण कुठल्या सिलिंडरचा ते नाही), एकदा पी०३०३ (३ नंबरच्या सिलिंडरचा). चारही कॉईल, प्लग आणि इंजेक्टर क्लीनिंग एकदम करून घ्या, असा सल्ला मिळालाय. हाताशी ब्लूटूथ स्कॅनर, साधा मल्टिमीटर, फीलर गेज आणि प्लगचा पाना आहे. एवढ्यात भागेल का?

ओहम
भागेल. आधी एक करा: कोड पुसू नका. कोडसोबत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फ्रीझ फ्रेम ठेवतो, म्हणजे झटका बसला त्या क्षणाचं आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान. कोड पुसला की तीही जाते, आणि येऊन-जाऊन असणाऱ्या दोषात तोच एकमेव साक्षीदार असतो. ॲपमध्ये मोड ०६ (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल) दिसत असेल तर तोही उघडा. बऱ्याच गाड्यांत तिथे प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर (मिश्रण न पेटण्याच्या वेळा) मोजलेले असतात. लाईट लागण्याइतके झाले नसले तरी आकडा दिसतो.

तुमची लक्षणं इग्निशनकडे बोट दाखवतात. कमी आरपीएमवर जास्त ॲक्सिलरेटर म्हणजे सिलिंडरमध्ये भरपूर हवा, स्पार्क पडायच्या वेळी दाब जास्त. दाब जास्त तर प्लगच्या टोकाची तीच गॅप ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. मग स्पार्क सोपी वाट शोधतो: बूटच्या (कॉईल प्लगला जोडणाऱ्या नळीच्या) रबराला बारीक चीर असेल तर तिथून थेट हेडमध्ये, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनच्या धातूच्या भागात. आयडलला दाब कमी, म्हणून तेव्हा सगळं शहाण्यासारखं वागतं. दमट हवेत ही वाट आणखी सोपी होते.

आता अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू हलवा असं सांगतात, पण दोष आठवड्यातून एकदा येत असेल तर त्यात महिना जाईल. त्याऐवजी ३ नंबरची कॉईल १ वर न्या आणि ३ चा प्लग २ वर. १ ची कॉईल आणि २ चा प्लग ३ वर येतील. कागदावर लिहून ठेवा, कॉईलवर मार्करने खूण करा. पुढचा कोड:
पी०३०१ आला तर कॉईल किंवा बूट.
पी०३०२ आला तर प्लग.
पुन्हा पी०३०३ आला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).

फक्त पी०३०० वर विसंबू नका. त्यात सिलिंडर कळत नाही.

टॅपेट
एवढी कसरत कशाला? प्लगचे किलोमीटर भरत आले असतील तर चारही नवे टाका आणि मोकळे व्हा. निम्म्या वेळा दोष तिथेच संपतो.

ओहम
@टॅपेट, संपला तर उत्तम. नाही संपला तर जुने प्लग कचऱ्यात आणि त्यांच्यावरचा पुरावाही. बदलायचे तर बदला, पण काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून आधी नीट बघा.

टॅपेट
मान्य. मग काढतानाचं सांगतो, कारण घरी नुकसान इथेच होतं.

इंजिन पूर्ण थंड हवं. ॲल्युमिनियम हेडमधून गरम प्लग काढला तर आटे सोबत येतात. कॉईल काढल्यावर प्लगच्या विहिरीत (प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात) हवा मारा, नाहीतर खडा आत पडेल. विहिरीत तेल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरमधलं सील गेलंय. तेलाने बूटचं रबर फुगतं आणि तिथूनही स्पार्क गळतो.

गॅप फीलर गेजने मोजा. बहुतेक पेट्रोल इंजिनांना ०.८ ते १.१ मिमी लागते, पण नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. झिजून गॅप ०.३ मिमीने वाढली तरी चढावर फरक पडतो. इरिडियम प्लगच्या मधल्या टोकाला गेज दाबू नका, वायर ब्रश लावू नका. टोक तुटतं.

चिनीमातीवर, लोखंडी कडेलगत तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका, तो साधा कोरोनाचा (जास्त व्होल्टेजमुळे हवेत होणाऱ्या विद्युत विसर्गाचा) डाग. उभी काळी रेघ, टोकदार पेन्सिलने ओढल्यासारखी, दिसली तर स्पार्क बाहेरून पळतोय.

बसवताना पहिले फेरे हातानेच. १४ मिमीचा वॉशरवाला प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५-३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५-२०. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या वॉशरला अर्धा फेरा, वापरलेल्याला फेऱ्याच्या बाराव्या भागाएवढाच.

ग्रीसहात
कोड ३ वरच राहिला तर पुढचं:

कॉईल आणि इंजेक्टरचे कनेक्टर बघा. लॉकची पट्टी तुटलेली असते, कनेक्टर बसल्यासारखा दिसतो आणि धक्क्याला सुटतो. आयडलला वायर हळूच हलवून बघा, आरपीएम दचकला तर जागा सापडली. इंजेक्टरचा रेझिस्टन्स साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं) साधारण ११-१६ ओहम. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये फवारा) असेल तर इंधनाच्या लाईनला घरी हात लावू नका, तिथला दाब जीवघेणा असतो.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. आयडलला +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर कुठूनतरी जादा हवा आत येतेय. उलट आयडलला ठीक आणि चढावर वाढत जातं, तर पंप किंवा फिल्टर पुरेसं इंधन देत नाही.

कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी: चारही प्लग बाहेर, इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉईलचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखादा सिलिंडर बराच कमी असेल तर त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आणि इंजिन चालू असताना कॉईल उपटून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायची जुनी सवय सोडा. शॉक बसतो, कॉईल जाते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) जातं. बंद करायचाच तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा. लाईट लुकलुकायला लागली तर ॲक्सिलरेटर सोडा, कन्व्हर्टर तापतोय असा तो इशारा आहे.

चौथा_गिअर
अदलाबदल केली. गोंधळ असा की सहा दिवसांत पी०३०१ आला आणि नंतर पी०३०२ पण. ३ वर काहीच नाही. म्हणजे कॉईल पण आणि प्लग पण?

ओहम
गोंधळ नाही, उत्तर आहे. बूटमधून स्पार्क गळायला लागला की तो प्लगच्या चिनीमातीवरून धावतो आणि दोन्हींवर कार्बनची रेघ उमटते. तुम्ही जोडी फोडलीत, म्हणून दोघांनी आपापल्या नव्या जागी तोंड उघडलं. १ वरचा बूट टॉर्चखाली उलटा करून आतली कड बघा, आणि २ चा प्लग. रेघा समोरासमोर जुळतील.

कॉईल लगेच बदलू नका. बूट वेगळा मिळत असेल तर तो आणि तो एक प्लग, दोन्ही एकदम बदला. एकच बदललात तर जुनी रेघ नव्यावर उमटेल. बूटच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्या, मधल्या स्प्रिंगला लावू नका. १ चा प्लग आणि २ चा बूटही एकदा तपासा. सहा दिवस ते खराब जोडीदाराबरोबर चाललेत.

चौथा_गिअर
बूट उलटा केला. आत केसाएवढी काळी रेघ, शेजारी राखेसारखा पांढरा ठिपका. १ चा प्लग स्वच्छ आहे. २ च्या बूटमध्ये अगदी फिकट खूण, बोटाने पुसली जात नाही.

ओहम
पुसली जात नाही तर तोही बूट बदला. दोन बूट, एक प्लग. मग कोड पुसा आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, दमट दिवशी मोड ०६ बघा.