परत परत दुर्बीण कशाला? आईला कसं समजावू?

मिरजेची_वैशाली
आईला (वय ६७) गेल्या आठवड्यात कावीळ झाली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) केली तर एक ९ मिमीचा खडा पित्तनळीतच अडकलेला. डॉक्टर म्हणाले, आधी ईआरसीपी, म्हणजे घशातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढायचा, मग पोटातून दुर्बिणीने पित्ताशय काढू. आई अडून बसलीय. "मागच्या दिवाळीत ॲसिडिटीसाठी दुर्बीण घातली होती की, तेव्हा दिसला नाही होय खडा? आता आणि दोनदा? पैसे काढायचे धंदे!" खरं सांगायचं तर मलाही फरक कळलेला नाही.

सिस्टरताई
अकरा वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये काढलीत, हे रोज ऐकते. घशातून गेली तरी दुर्बीण, बेंबीतून गेली तरी दुर्बीणच, मग माणसं गोंधळणारच.

मागची ती साधी गॅस्ट्रोस्कोपी. तिचा कॅमेरा नाकासमोर बघतो. पित्तनळीचं तोंड मात्र लहान आतड्याच्या बाजूच्या भिंतीत असतं, आणि नळीच्या आतलं तर तिला दिसतच नाही. ईआरसीपीच्या दुर्बिणीचा डोळाच बाजूला असतो. तिच्यातून बारीक तार नळीत सारतात, डाय सोडून एक्स-रेवर खडा बघतात, नळीच्या तोंडाशी चीर देतात आणि फुग्याने नाहीतर जाळीने खडा आतड्यात ओढतात. तो शौचावाटे जातो. (नातेवाईक "खडा दाखवा" म्हणतात, आम्ही कुठून आणणार?)

पित्ताशयातले खडे या वाटेने निघत नाहीत, म्हणून लॅप्रोस्कोपी: पूर्ण भूल, पोटात कार्बन डायऑक्साइड, बहुधा चार छिद्रं. नवं खूळ नाही, मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. उदवाडियांनी १९९० मध्येच केलीय.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आत्ताच सांगा. आणि ईआरसीपीनंतर पोटात, पाठीत जोरात दुखायला लागलं तर गॅस समजून ओवा देत बसू नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

निवांत_काका
माझ्या पित्तनळीत प्लास्टिकचा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवला होता. तीन महिन्यांनी काढायला बोलावलेलं, बरं वाटतंय म्हणून मी सहाव्या महिन्यात गेलो, तोही हुडहुडी भरून ताप आला तेव्हा. स्टेंट ठेवलाच तर कालनिर्णयवर तारीख लिहून ठेवा.

मिरजेची_वैशाली
ताई, आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे आधीची समोर बघणारी आणि ही तिरकं बघणारी, तुझ्या आत्यासारखी!" तयार झाली. बुधवारी सकाळी ॲडमिट. उपाशीपोटी म्हणजे चहापण नाही का, विचारतेय.

सिस्टरताई
दुधाचा चहा म्हणजे जेवणच धरा. आदल्या रात्रीपासून बंद!