पायाखालची फरशी बदलली, तुमच्या घरात काय काय झालं?

मोगरी
शेजारी जुनी मोझॅकची फरशी उखडायचं काम चालू आहे. ढिगाऱ्यातला एक तुकडा हातात घेतला आणि पॉलिशचं मशीन आठवलं. सगळं सामान एका खोलीत कोंबलेलं, घरभर पांढरा राडा, कानठळ्या बसवणारी घरघर. पण काम संपलं की वर्षानुवर्षं तुडवलेली फरशी पुन्हा नवी! आता आमच्याकडे व्हिट्रिफाइड आहे. शाई सांडली तरी पुसून निघते, मान्य. पण कपाटाच्या पायाने कोपरा उडाला तो कायमचाच. घासून नवी होणारी फरशी आपण सोडून दिली याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्याकडे काय होतं, काय आलं? लिहा.

गच्चीवरून
आमचा लाल कोबा!! उन्हाळ्यात दुपारी उघड्या अंगाने लोळायचं त्यावर. भेगा पडल्या होत्या, पण प्रत्येक भेग ओळखीची. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

भट्टीवाला
मी टाइल्सच्या कारखान्यात काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. मोगरीताई, तुम्ही जे गमावलं म्हणता आणि जे मिळवलं म्हणता, त्याचं कारण एकच आहे. मोझॅक भाजलेली नसते. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून दाबलेली असते, म्हणून ती पाणी पिते, डाग धरते आणि घासताही येते. व्हिट्रिफाइडची माती प्रचंड दाबाखाली दाबून साधारण १२०० अंशांवर भाजतात. आतली छिद्रं जवळजवळ बंद होतात आणि पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत येतं. डाग शिरायला जागाच उरत नाही.
कोपऱ्याचं म्हणाल तर डबल चार्ज नावाची व्हिट्रिफाइड घ्या. तिचा रंग वरच्या तीन-चार मिलिमीटरपर्यंत असतो, टवका उडाला तरी फारसा उठून दिसत नाही. ग्लेझ्डवर, म्हणजे वर काचेसारखा थर दिलेल्या टाइलवर, नक्षी फक्त वरच्या पातळ थरात. २००० च्या सुमारास स्पेनमध्ये टाइलवर इंकजेट छपाई सुरू झाली, तेव्हापासून लाकूड म्हणा, संगमरवर म्हणा, काहीही छापता येतं. आणि लावताना खाली मसाला पूर्ण भरलाय ना ते नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजली की तीच पुढे फुटते.

मोगरी
किती छान समजावलंत! पाणी पिणं आणि घासता येणं, दोन्हींचं कारण एकच, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सुईदोरा
चकचकीत व्हिट्रिफाइडवर पाणी सांडलं होतं, आईचा पाय सरकला. खुबा मोडला. म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते, दुकानात कुणी नुसतं 'अँटिस्किड' म्हटलं तर थांबू नका, खोक्यावरचा आर आकडा विचारा. आर ९ पासून आर १३ पर्यंत असतो, आकडा मोठा तेवढी पकड जास्त. बाथरूममध्ये ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते, तीही बघा. मॅटवर मळ बसतो म्हणून लोक टाळतात. बसू दे मळ.

कडुलिंब
अरेरे. आता कशा आहेत आई? चालतात का?

सुईदोरा
वॉकर घेऊन चालतात. जिना मात्र नाही.

कडुलिंब
काळजी घ्या. माझ्या सासूबाईंना फिजिओथेरपीने खूप फरक पडला, व्यायाम सोडू देऊ नका.

निवांत
लॅमिनेट. वॉशिंग मशीनचा पाइप गळला, रात्रभर पाणी खाली. सकाळी सगळ्या कडा फुगून वर! ते खरं लाकूड नसतंच, लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर कडक पारदर्शक थर. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये निघालं. आता त्या खोलीत एसपीसी घातलंय, म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी. पाण्याने फुगत नाही. फळ्या गोंदाशिवाय एकमेकींत खटाखट अडकतात, भाड्याचं घर सोडताना उचलूनही नेता येतात. भिंतीलगत फट मात्र ठेवायचीच, नाहीतर गरमीने फुगून मधूनच वर उचलते.

गच्चीवरून
आले परत. त्या फळ्यांवर चालताना टकटक आवाज येतो का? आमच्या वरच्यांकडे घातल्यापासून खुर्ची सरकली तरी कळतं

निवांत
खाली फोमचं अस्तर आहे का विचारा त्यांना. त्याने खूप कमी होतो.

पाऊलवाट
घाईत एकच. १९८० च्या आधीच्या घरात जुन्या व्हिनाइलच्या (एक प्रकारचं प्लास्टिक) टाइल असतील तर स्वतः खरवडू नका, घासू तर अजिबात नका. त्यांत आणि खालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे श्वासातून आत गेले तर घातक ठरणारे बारीक तंतू. तपासून घ्या, नाहीतर न उखडता वरून नवी फरशी घाला.

जवसफूल
लिनोलियमचं कुणीच नाव घेत नाही! जवसाचं तेल, बुचाची पूड आणि मागे ज्यूटचं कापड. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या दशकात पेटंट घेतलं होतं. व्हिनाइल आलं आणि हे मागे पडलं. माझ्या शिवणाच्या खोलीत अजून आहे. पायाला ऊबदार, सुई पडली तरी टोक मोडत नाही. नव्याच्या मागे लागून लोकांनी हे काढून फेकलं, फार चुकीचं झालं.

सुईदोरा
शिवण म्हणालात म्हणून विचारते, मशीनखाली काय ठेवता? माझं फरशीवर सरकत जातं.

जवसफूल
जाड रबरी चटईचे तुकडे, चारही पायांखाली. कापून घ्या मापाचे.

कडुलिंब
आमच्याकडे पुसणारा रोबो आलाय, गुळगुळीत फरशीवर मस्त चालतो. जुन्या उंचसखल फरशीवर अडकला असता. पण सांध्यांतला काळेपणा त्यालाही निघत नाही, काय करू?

भट्टीवाला
सिमेंटचं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरतात तो मसाला, असणार. ते पाणी पितं. वरचं खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. आणि ॲसिड ओतू नका, ग्राउट खाऊन टाकतं.