अनुभव धागा: घरच्या घरी सुरी-विळीला धार

तुळशीबागेत खाचेतून सुरी ओढायचं शार्पनर मिळतं, बोहरी आळीत कार्बोरंडमचा दुहेरी दगड (एक बाजू खरखरीत, एक बारीक), ऑनलाइन वॉटरस्टोन (पाण्यावर वापरायचा दगड) आणि डायमंड प्लेट, आणि दारावर धारवाला येतोच. तुम्ही काय वापरता आणि कसं? कोन, ग्रिट (दगडाच्या कणांचा आकडा; जितका मोठा तितका दगड बारीक), काय बिघडतं ते नेमकं लिहा. ‘मस्त चालतं’ एवढ्यावर सोडू नका.

भोसरी, टूलरूम

साधनाच्या आधी ग्रिट ठरवा. घरच्या स्टेनलेस सुरीला ४०० आणि १००० पुरतात. ३००० च्या पुढे चकचकीत केलेली धार टोमॅटोच्या सालीवर घसरते. १००० ची जरा खरखरीत असते, म्हणून साल पकडते.

कोनासाठी कंपासपेटी नको. पातं ४ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून १४ मिमी वर धरली की २० अंश, १० मिमी धरली की १५. बाजारातल्या नेहमीच्या मऊ स्टीलला २० च ठेवा, १५ ची पातळ धार लगेच वाकते. धारेवर मार्करनं काळं करून दोन घासे मारून बघा. काळं अगदी धारेशी उरलं तर पाठ उचला, वरच्या अंगाला उरलं तर खाली घ्या.

दगडाखाली ओलं फडकं घाला, सरकत नाही. मग एकाच बाजूनं मुठीकडून टोकापर्यंत घासत राहायचं, पलीकडे बर येईपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेबाहेर सरकवला की बारीक कड लागते ती बर. (धारेच्या लांबीत अंगठा कधीच फिरवू नका.) सबंध लांबीभर बर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. धार लागत नाही म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं: दहा इकडे, दहा तिकडे मोजून घासतात आणि दगड धारेच्या कडेपर्यंत पोचलेलाच नसतो. टोकाच्या गोलाईला मूठ थोडी उचला, नाहीतर तेवढाच भाग बोथट राहतो. शेवटी दाब निम्म्याहून कमी करून आलटून पालटून एकेक घासा. बर राहिली तर सुरी पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी चालते आणि दोन दिवसांत बसते, कारण कापत होती ती बर, धार नव्हे.

कर्वेनगर, केटरिंग

वरच्यात एक भर. सुरी रोज दगडावर घेऊ नका. बऱ्याचदा धार झिजलेली नसते, वाकलेली असते. तिला धार सरळ करायची स्टीलची सळई (होनिंग रॉड) पुरते: टोक पाटावर टेकवून सळई उभी धरा, त्याच २० अंशांत दोन्हीकडून चार-चार हलके हात. सळईनं फरक पडेनासा झाला की मगच दगड. कडक जपानी सुरीला मात्र स्टीलची सळई लावू नका, धारेचे टवके उडतात.

ओढायच्या शार्पनरबद्दल स्पष्ट सांगतो: कार्बाइडच्या (स्टीलहून खूप कठीण पदार्थ) खाचेचं असेल तर ते धार लावत नाही, धातू तासतं. खालचा चुरा बघा. शिवाय मुठीजवळचा भाग खाचेत नीट बसत नाही, त्यामुळे काही महिन्यांत त्याच्या पुढे धार आत खोलगट होते. मग तिथे पातं पाटावर टेकत नाही आणि चिरलेली कोथिंबीर माळेसारखी एकमेकांना धरून राहते.

आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापत असाल तर वरचं सगळं व्यर्थ. काचेचा बोर्डही तसलाच. लाकूड नाहीतर प्लास्टिक.

नारायण पेठ

विळीचं कोणीच लिहिलं नाही! पातं पाटाला बसवलेलं, त्यामुळे इथे दगड पात्यावर चालवायचा. पाट टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं आवळा. हातात मावेल असा लांबट दगड ओला करून पाठीकडून धारेकडे, पात्याच्या वळणाबरोबर न्या. उलट नेलात आणि हात सटकला तर तो धारेवरच जातो. बोटं दगडाच्या कडेबाहेर येऊ देऊ नका.

खवणीला दगड नको, बारीक तिकोनी कानस. प्रत्येक खाचेत तीन-चार हात, पुढे जाताना दाब, परतताना उचलून. लोखंडी पातं चिंच, लिंबू, कैरीनं लगेच काळवंडतं. धुवून तिथल्या तिथे पुसा. पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात फिरवा. शेंगदाण्याचं तेल कालांतरानं चिकट होतं.

औंध

दगडाला पर्याय म्हणून डायमंड प्लेट: भिजवावी लागत नाही, मध्ये खोलगट होत नाही, सिरॅमिक सुरीलाही चालते. दाब मात्र हातातल्या सुरीच्या वजनाइतकाच. जोर लावला की हिऱ्याचे कण उपटून निघतात आणि प्लेट गुळगुळीत होते. नवी प्लेट सुरुवातीला जास्त खरखरीत ओरखडे काढते, तेव्हा चांगली सुरी तिच्यावर आधी घेऊ नका.

धायरी

काहीच नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची बिनचकाकीची कड, तात्पुरती. कात्रीच्या आतल्या सपाट बाजूला दगड लावू नका, फक्त तिरकी बाजू. ब्रेडच्या करवती सुरीचंही तसंच, गोल सळईनं एकाच बाजूनं.

भोसरी, टूलरूम (पुन्हा)

धारवाल्याबद्दल: चाक वाईट नाही, उष्णता वाईट. कोरड्या चाकावर धारेशी निळी झाक आली तर तिथलं स्टील मऊ पडलं, ते कितीही घासा, धार टिकणार नाही. पात्याला मध्ये मध्ये पाणी लावायला सांगा.

आणि दगड खोलगट झाला का ते बघा. वरती पेन्सिलीनं जाळी काढा, सपाट काचेवर १२० चा पाणकागद (ओला चालणारा पॉलिश पेपर) ओला करून त्यावर दगड फिरवा. मधल्या रेघा पुसल्या जाईपर्यंत. नंतर सावलीत वाळवा.