शेतकरी आई-वडिलांना स्पेनमधील डोंगरी गाव दाखवायचे आहे: आल्पुहार्राविषयी मार्गदर्शन हवे

बालाघाटवासी यांचा प्रश्न

नमस्कार. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त माद्रिदला राहते आणि येत्या मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन मी तिच्याकडे पंधरा दिवसांसाठी जाणार आहे. वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि अंबाजोगाईजवळच्या आमच्या कोरडवाहू शेतात त्यांचे सारे आयुष्य गेले आहे. बहिणीने राजवाडे, चर्च आणि वस्तुसंग्रहालये यांची यादी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी एवढेच विचारले, "तिकडच्या शेतकऱ्याचे घर आणि रान बघायला मिळेल का?" त्यांच्या या एका वाक्यावरून आम्ही सगळा बेत बदलायचे ठरवले आहे.

ग्रानादा शहराच्या दक्षिणेस, सिएरा नेवादा पर्वताच्या उतारावर असलेल्या आल्पुहार्रा भागाविषयी थोडे वाचले आहे. तेथील नेमक्या कोणत्या गावी राहावे, किती दिवस राहावे आणि शेतशिवार पायी फिरून पाहता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आईचे गुडघे दुखतात. आई-वडील दोघेही माळकरी आहेत, त्यामुळे मांस-मासे तर नाहीच, अंडेही चालत नाही. ही अडचण तेथे कितपत जाणवेल?

औसेकर यांचे उत्तर

दादा, शिक्षणासाठी मी दोन वर्षे ग्रानादा शहरात होतो आणि सुट्टी मिळाली की त्या डोंगरात जात असे. आपल्या वडिलांनी जे मागितले आहे ते तेथे निश्चित मिळेल, मात्र तीन गावे धावत पाहण्याऐवजी एकाच गावी किमान तीन रात्री मुक्काम करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पोकेइरा नावाच्या नदीच्या खोल दरीत एकावर एक अशी तीन गावे वसलेली आहेत. सर्वांत खाली, सुमारे १,०५० मीटर उंचीवर पाम्पानेइरा, मध्ये १,३०० मीटरवर बुबिओन आणि सर्वांत वर १,४३० मीटरवर कापिलेइरा. त्यांच्या माथ्यावर मुलासेन हे ३,४७९ मीटर उंचीचे शिखर आहे, ज्याच्या अंगावर मे महिन्यातही बर्फ दिसतो. आपल्यासाठी मला बुबिओन योग्य वाटते, कारण ते मध्यावर आहे, तुलनेने शांत आहे आणि तेथे एक जुने शेतकरी घर जसेच्या तसे जतन करून पाहण्यासाठी खुले ठेवले आहे.

वरच्या वळणावरून मी बुबिओन पहिल्यांदा पाहिले, तेव्हा खाली मला औशातील आमची जुनी गल्लीच दिसली. स्पेन म्हटले की लाल कौलांचे उतरते छप्पर डोळ्यांसमोर येते, पण या दरीत घरांना सपाट माळवदे, म्हणजे मातीची छपरे, आहेत. आपल्याकडे दगडमातीच्या जाड भिंतींवर लाकडी सर म्हणजे तुळया, सरांवर किलचाणे म्हणजे लाकडाच्या बारीक फळ्या, त्यावर पाला आणि शेवटी गावच्या पांढरीतून आणलेल्या मातीचा थर असतो. तेथे सर चेस्टनटच्या लाकडाचे असतात, त्यांवर पातळ दगडी फरशा पसरतात आणि वर 'लाउना' नावाची राखाडी चिकणमाती दाबून बसवतात, जी पाणी आत झिरपू देत नाही. मी एका घरमालकाला पावसाळी हंगामापूर्वी माळवदाच्या कडेला माती चोपताना पाहिले. त्याचा हात ज्या लयीत पडत होता, त्याच लयीत मृगापूर्वी माझे आजोबा माती चोपत असत. उजेडासाठी आपण छतात साणे म्हणजे झरोके ठेवतो तसे मात्र तेथे दिसले नाही. त्याऐवजी प्रत्येक माळवदावर चुना दिलेले गोल धुराडे उभे असते. काही ठिकाणी घराचा वरचा भाग गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीवर टेकवलेला असतो आणि त्याच्या सावलीत म्हातारी माणसे दुपारी बसतात. आईंना तेथे बसायला आवडेल.

गावांच्या वरच्या अंगाला, जेथे वारा लागतो अशा जागी, दगडांनी फरसबंद केलेली गोल खळी आहेत. त्यांना स्पॅनिशमध्ये 'एरा' म्हणतात. पूर्वी तेथे खेचरे फिरवून गव्हाची आणि राय नावाच्या धान्याची मळणी होई, मग वाऱ्यावर उपणणी. आपल्या वडिलांना ही जागा कशाची आहे, हे कोणी सांगण्याची गरज पडणार नाही.

तेथील शेती मात्र आज भरभराटीची नाही, हे मनाची तयारी म्हणून सांगतो. डोंगर कापून बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद वावरांत यंत्र जात नाही, तरुण मंडळी शहरात गेली आणि अनेक बांध ढासळले आहेत. भाजीचे वाफे, बदाम, अंजीर आणि चेस्टनटची झाडे दिसतील. शेतमाल पाहायचा असेल तर गुरुवारी दरीच्या पायथ्याच्या ओर्हिवा गावी जावे, तेथे आठवडी बाजार भरतो आणि आसपास अतिशय जुनी, बुंधे पिळवटलेली ऑलिव्हची झाडे आहेत.

ही वावरे आणि पाण्याचे पाट मुख्यतः मुस्लीम राजवटीच्या काळात आकाराला आले. १४९२ मध्ये ग्रानादाचे राज्य संपले. पुढे १५६८ ते १५७१ या काळात येथील मोरिस्को लोकांनी, म्हणजे बाप्तिस्मा घ्यावा लागलेल्या मुसलमानांनी, मोठे बंड केले. ते मोडून काढल्यावर त्यांना येथून हलवले गेले आणि स्पेनच्या इतर भागांतून शेतकरी आणून वसवले गेले. माणसे गेली, त्यांचे अरबी शब्द राहिले. नगराध्यक्षाला 'आल्काल्दे' म्हणतात, तो आपला काझी. एखाद्या कोणा एकाला 'फुलानो' म्हणतात, तो आपला फलाणा. निजामाच्या राज्यात वाढलेल्या आमच्या आजीने हा शब्द ऐकून दोनदा म्हणायला लावला होता.

प्रवासाविषयी थोडक्यात. माद्रिदहून ग्रानादापर्यंत रेल्वेने साडेतीन ते चार तास लागतात आणि तेथून या गावांपर्यंत बसने सुमारे अडीच तास. बस दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. दुकाने दुपारी दोन ते पाच बंद राहतात आणि रविवारी तर दुपारनंतर काहीच मिळत नाही. पहिल्या खेपेस मी रविवारी दुपारी पोहोचलो आणि सोमवारपर्यंत सोबतच्या बिस्किटांवर राहिलो. तीन गावांना जोडणारी पायवाट सुंदर आहे, पण उतार तीव्र आणि फरसबंदी घसरडी आहे. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, म्हणून आईंनी गावागावांत बसनेच जावे आणि घर मुख्य रस्त्यालगतचेच घ्यावे. मे महिन्यातही संध्याकाळी चांगली थंडी पडते, शाली सोबत असू द्याव्यात.

सुगरण परभणीची यांचे उत्तर

जेवणाविषयी मी सांगते, कारण आमच्या घरीही माळ आहे आणि आम्ही त्याच भागात पाच दिवस राहून आलो आहोत.

हा प्रदेश डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे. शेजारच्या त्रेवेलेस गावी डोंगरातील कोरड्या थंड हवेत डुकराच्या मांड्या महिनोन्‌महिने टांगून सुकवतात आणि दुकानांच्या छताला त्या लटकलेल्या दिसतात. आई-वडिलांना त्याची आधी कल्पना द्यावी, म्हणजे एकदम समोर आल्यावर त्रास होणार नाही. "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढे सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी हामोन म्हणजे तो सुकवलेला डुकराचा तुकडा मांसात मोडतच नाही. "नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी वेवो" असे चारही शब्द कागदावर लिहून दाखवावेत. मसुराची आमटी दिसायला शाकाहारी असते, पण तीत बहुधा मांस घालून उकळलेले असते. चीज बनवताना वासरा-करडांच्या पोटातील विरजण वापरण्याची रीत आहे, तेव्हा माळकऱ्यांनी तेही विचारूनच घ्यावे.

निर्धास्तपणे खाता येईल असा पदार्थ म्हणजे 'पापास आ लो पोब्रे', शब्दशः गरिबाचे बटाटे. बटाट्याचे काप, कांदा आणि हिरवी ढोबळी मिरची भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवतात. त्यावर अंडे घालू नका, असे मात्र सांगावे लागते. टोमॅटो चोळलेला पाव, अंजीर, बदाम आणि तेथला मध उत्तम असतो.

तरीही माझा सल्ला असा, की स्वयंपाकघर असलेले घरच भाड्याने घ्यावे. येथून ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला न्यावा. मांसाचे तसेच दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे, म्हणून तूप, पेढे किंवा खव्याचे काही बॅगेत भरू नये. आम्ही तेथील विजेच्या शेगडीवर भाकरी केली. ती फुगायला वेळ लागला, पण फुगली.

निवृत्त जलसंधारण, जालना यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला, परंतु ज्या गोष्टीसाठी मराठवाड्यातील माणसाने तेथे जावे ती गोष्ट राहून गेली आहे, म्हणून लिहितो. माझी सारी नोकरी पाझर तलाव, नालाबांध आणि समतल चर यांत गेली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खोदलेल्या पाझर तलावांनी खालच्या विहिरींना पाणी कसे आणले, हे मी लहानपणी पाहिले होते. आल्पुहार्रामध्ये हेच तत्त्व शतकानुशतके वापरात आहे.

तेथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतात आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. बर्फ वितळू लागले की पाणी एकदम ओढ्यांतून वाहून जाणार, आणि पिकाला गरज लागेल तेव्हा ओढे आटलेले असणार. यावर तेथील लोकांनी डोंगराच्या उंच भागात उतारावरून आडवे जाणारे मातीचे पाट खोदले. पाटाला 'असेकिया' म्हणतात आणि पाणी मुरवण्यासाठीच्या या पाटांना 'असेकिया दे कारेओ'. हे पाट ओढ्याचे पाणी अडवून दूरवरच्या माळावर नेऊन सोडतात. ते भेगाळलेल्या खडकात मुरते आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खालच्या गावांजवळ झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. स्थानिक लोक याला 'पाणी पेरणे' म्हणतात. पेरणीच्या क्रियापदाने पाण्याविषयी बोलणारे लोक मला आपले वाटले.

आपल्या वडिलांना पाटाचा तळ अवश्य दाखवावा. तो मातीचा आणि दगडाचा असतो, त्यातून पाणी गळते आणि ते गळणे अपेक्षितच असते. मी गेलो तेव्हा पाटाखालच्या उतारावर चेस्टनटची झाडे रांगेने हिरवीगार उभी होती आणि वरच्या अंगाला फक्त खुरटी झुडपे होती. पाट सिमेंटचा केला तर पाणी वाचल्यासारखे दिसते, पण ती झाडे आणि खालचे झरे दोन्ही सुकतात. आपल्याकडे चारीला अस्तर घालताना हा विचार आम्ही किती वेळा केला, हे आठवून मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

पाटावर देखरेख ठेवणारा माणूस म्हणजे 'असेकिएरो', आपला पाटकरी. पाणी पाळीने मिळते आणि सारे लाभधारक मिळून संस्था चालवतात. माणसे गावे सोडून गेली तसे अनेक पाट बुजले. २०१४ मध्ये ग्रानादा विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञांनी कान्यार या गावी शेतकरी आणि स्वयंसेवक यांना सोबत घेऊन असाच एक बुजलेला पाट कुदळ-फावड्याने मोकळा केला आणि नंतर इतर ठिकाणीही हे काम पसरले. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण सारे विसरलेलो नाही. मे महिना आपण योग्य निवडला आहे, कारण त्या वेळी वितळलेले पाणी पाटांतून खळाळत असते.

बालाघाटवासी

तिघांचेही मनापासून आभार. सर्व उत्तरे काल रात्री वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. बुबिओनमध्ये चार रात्रींसाठी, रस्त्यालगतचे आणि स्वयंपाकघर असलेले घर बहीण पाहत आहे. आईने ज्वारी निवडायला घेतली आहे. वडिलांनी विचारले आहे, की माळवदाचे सर चेस्टनटचे असतील तर ते किती वर्षे टिकतात आणि त्यांना वाळवी लागते का. औसेकर, आपल्याला माहीत असल्यास कळवावे, नाहीतर ते म्हणतात, "तिथे गेल्यावर मीच विचारीन, तू फक्त शब्द लिहून दे."